भोपळ्याच्या वेलाला दृष्ट लागली?

सातारा जिल्ह्यातले एक लहान गाव. गावाच्या कडेला एक घर. घरात तीन माणसे : आजी, सूनबाई आणि सूनबाईची मुलगी. मुलगी सहावीत शिकते. घरधनी कामासाठी बाहेरगावी असतो. महिन्याकाठी येतो.

घरामागे परसात मोरीचे पाणी जाते. त्या पाण्यावर सूनबाईने लाल भोपळ्याचा वेल लावला होता. लाल भोपळ्याला कोणी डांगर म्हणतात, कोणी काशीफळ म्हणतात. नाव काहीही असो, फळ एकच.

आषाढात बी टोचले. आळ्यात दोन पाट्या शेणखत घातले. श्रावणात वेल कुंपणावर चढला. भाद्रपदात फुले आली. आधी नुसती नरफुले आली. मग मादीफुले आली. मादीफुलाच्या देठाशी इवलासा भोपळा असतो, तो सूनबाईने मुलीला दाखवला. आश्विन लागला तेव्हा वेलावर पाच भोपळे धरले होते.

सूनबाईने मनाशी हिशेब केला. दोन भोपळे घरात ठेवायचे. पिकलेला भोपळा माळ्यावर दोन-तीन महिने टिकतो. भाजी होईल, सणाला घारगे होतील. उरलेले तीन बाजारात विकायचे. दिवाळीनंतर शाळेचे दुसरे सत्र सुरू होते. त्या पैशांत मुलीच्या वह्या येतील.

हस्ताचा पाऊस संपला. दिवसा कडक ऊन पडू लागले. रात्री दव पडू लागले. आणि एके सकाळी सूनबाईला वेलाच्या बुंध्याजवळच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले. जणू कोणी पिठाचा हात झटकला होता. तिने मनावर घेतले नाही. म्हटले, धूळ असेल. आठ दिवसांनी पाहते तो दहा-बारा पाने पांढरी! दोन पाने तर पिवळी पडून कडेने करपली होती.

सूनबाई घाबरली. आजी बाहेर आल्या. त्यांनी वेल पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"दृष्ट लागली गं बाई! परवा ती शेजारीण काय म्हणाली? 'किती भोपळे धरलेत गं!' तिचीच नजर लागली."

आजींनी वेलावर फुटकी चप्पल टांगली. एका काळ्या मडक्यावर चुन्याचे ठिपके दिले आणि ते काठीवर पालथे घातले. शेजारच्या काकींशी बोलणे बंद झाले. रोज संध्याकाळी कुंपणापाशी दोघी म्हाताऱ्या घटकाभर बोलत बसत, तेही बंद झाले. काकींना कारण कळेना. पण वेलाचे पांढरेपण काही थांबले नाही.

वर्गात आलेले पान

सूनबाई रात्रीच्या वर्गाला जात असे. लग्नाआधी तिची शाळा सुटली होती. आता ती जोडाक्षरे वाचू लागली होती. वर्गाच्या बाईंचे माहेर निफाडकडचे. तिकडे द्राक्षांचे मळे पुष्कळ. सूनबाईने एक पान तोडले, कागदाच्या पुडीत बांधले आणि वर्गात नेले.

बाईंनी पान दिव्याखाली धरले. त्यावर बोट फिरवले. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"ही दृष्ट नव्हे. ही भुरी आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या माहेरी द्राक्षाच्या बागाईतदाराला विचारा. भुरीचं नाव काढलं की त्याची झोप उडते."

"भुरी म्हणजे काय हो बाई?"

"ही एक बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर बुरशी येते, ती आपण पाहतो. पण ती मेलेल्या अन्नावर वाढते. भुरी जिवंत पानावर वाढते. पानाच्या अंगात बारीक मुळ्यांसारखे तंतू घालते आणि पानाचा रस ओढते. गोचीड जसं जनावराचं रक्त पितं, तसंच हे. पान मेलं की तिचं खाणं संपलं."

"पण ती आली कुठून? मी तर कुणाच्या शेतात गेले नाही."

"वाऱ्यानं आली. ही पांढरी भुकटी म्हणजे तिचं बी समज. पिठाच्या कणाहून बारीक. वारा सुटला की उडतं आणि दुसऱ्या पानावर बसतं. हवा मानवली तर तीन ते सात दिवसांत तिथं नवा ठिपका उमटतो."

मग बाईंनी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या. वर्गाने त्या मोठ्याने वाचल्या.

पहिली गोष्ट. बहुतेक बुरशींना पानावर पाणी साचलेले लागते. भुरीला ते लागत नाही. हवेतला दमटपणा तिला पुरतो. म्हणून मुसळधार पावसात ती फार वाढत नाही. पाऊस उघडल्यावर, दिवस कोरडे आणि रात्री दमट असल्या की ती फोफावते. वीस ते सत्तावीस अंश उष्णता तिला मानवते.

दुसरी गोष्ट. वेलांची दाटी झाली, ऊन-वारा आत शिरेना, की भुरीला घर मिळते. ती आधी बुंध्याजवळच्या, सावलीतल्या, जुन्या पानांवर येते. पानाच्या खालच्या बाजूलाही येते.

तिसरी गोष्ट. भोपळ्याची भुरी काकडी, दुधी, दोडका यांच्या वेलांवरही जाऊ शकते. कारण ही सारी एका कुळातली. द्राक्षावरची भुरी मात्र वेगळी. ती भोपळ्यावर येत नाही.

पान गेले तर काय बिघडले?

वर्गातली एक बाई म्हणाली, "भोपळे तर धरलेत. पानं वाळली तर काय झालं? पानं थोडीच विकायची आहेत?"

बाई म्हणाल्या, "पान ही वेलाची चूल. उन्हावर पान अन्न शिजवतं. ते अन्न देठातून भोपळ्यात जातं. चूलच विझली तर भोपळा भरेल कसा? तो लहान राहतो. त्याला गोडी येत नाही. अर्धा कच्चा भोपळा माळ्यावर टिकत नाही, सडतो. वरची सावली गेल्यामुळं उन्हानं त्याची सालही भाजते."

सूनबाईच्या मनात तीन भोपळे आणि वह्या आल्या. तिने विचारले, "मग आता माझा वेल गेला का?"

"गेला नाही. पांढरी झालेली पानं पुन्हा पहिल्यासारखी हिरवी होणार नाहीत, हे आधी मनात धर. पण नवी पानं वाचवता येतील. शेंड्याकडची चांगली पानं महिनाभर टिकली, तर भोपळे भरतील."

सगळेच पांढरे म्हणजे भुरी नव्हे

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः परसात आल्या. त्यांनी एक पान वळवून दाखवले. त्यावर शिरांच्या काठाने चंदेरी नक्षी होती.

"ही भुरी का?" त्यांनी मुलीला विचारले.

मुलीने बोट घासले. बोटाला काही लागले नाही.

"बरोबर. ही नक्षी जन्मापासूनचीच. काही भोपळ्यांची पानं अशीच असतात. बोटाला भुकटी लागली तर भुरी. नाही लागली तर पान निरोगी."

"आणि पानावर वरून पिवळे, कोनाकोनाचे डाग पडले, खालून करडी लव दिसली, तर तो केवडा. तो रोग वेगळा, त्याचं औषधही वेगळं. म्हणून आधी रोग ओळखावा, मग दुकानात जावं."

मुलगी एका पानावरचे पिवळे किडे चिरडत होती. बाईंनी तिचा हात धरला.

"थांब. नीट बघ. पंख पिवळेधमक आहेत, त्यांवर ठिपका नाही. हा ढालकिडा पान खात नाही, भुरी खातो. हा आपला गडी आहे. पानं कुरतडतो तो लाल भुंगेरा निराळा."

मुलगी ओशाळली. पण आजी पुढे सरकल्या आणि वाकून तो किडा पाहू लागल्या. भुरी खाणारा किडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. खरे तर पाहिला होता, पण ओळखला नव्हता.

काय केले?

बाईंच्या सांगण्यावरून सूनबाईने पुढील कामे केली.

१. फार पांढरी आणि करपलेली सहा पाने कात्रीने कापली. ती झटकली नाहीत. हलक्या हाताने टोपलीत ठेवली आणि लांब खड्ड्यात पुरली. सगळी रोगट पाने एकदम कापली नाहीत. कारण वेल उघडाबोडका झाला तर तोही थकतो आणि भोपळे उन्हात भाजतात.

२. वेलाचे दाट फुटवे थोडे विरळ केले. कुंपणाजवळचे गवत काढले. ऊन आणि वारा आत शिरू लागला.

३. उघड्या पडलेल्या दोन भोपळ्यांवर वाळले गवत पसरले.

४. पाणी पानांवर न टाकता आळ्यात दिले, तेही सकाळी. पानांवर पाणी मारले तर भुरी थोडी धुऊन जाते हे खरे. पण ओल्या पानांवर दुसरे रोग येतात.

५. युरिया टाकायचा विचार सोडून दिला. युरियाने पाने लुसलुशीत होतात आणि भुरीला मऊ चारा मिळतो.

काकींचे कुंपण

आता फवारणी राहिली. घरात पंप नव्हता. गावात कोणाकडे आहे, म्हणून चौकशी केली, तर तो शेजारच्या काकींकडेच!

आजी गप्प बसल्या. सूनबाईने मन घट्ट केले आणि ती कुंपणापाशी गेली. पाहते तो काकींच्या दुधीच्या वेलावरही दोन पाने पांढरी झाली होती.

"काकी, तुमच्या वेलालाही भुरी आली," ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं चुलीची राख उडून बसली. म्हणजे तुझ्या वेलाला तेच झालंय होय? मला वाटलं, माझं काही चुकलं म्हणून तुम्ही बोलत नाही."

आजी ओट्यावरून ऐकत होत्या. त्या उठल्या आणि कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "चुकलं ते माझं. तुझी नजर लागली म्हणून मी बोलत फिरले. नजर तुझ्या वेलाला कोण लावणार? या, बसा घटकाभर."

काकींनी पंप दिला. पण देताना थांबल्या. "हा निळा पंप नको नेऊस. ह्यानं बांधावर तणनाशक मारलंय. कितीही धुतला तरी अंश राहतो. भोपळ्याचा वेल त्यानं मरून जाईल. हा दुसरा घे."

वाचकांनो, ही गोष्ट फार मोलाची आहे. भुरीने वेल हळूहळू वाळतो. पण तणनाशकाच्या पंपाने तो दोन दिवसांत मान टाकतो. तणनाशकाचा पंप नेहमी वेगळा ठेवावा.

दूध की गंधक?

काकींच्या दुधीवर रोग नुकताच आला होता. त्यांच्या घरी म्हैस होती. बाई म्हणाल्या, "काकी, तुम्ही दूध फवारा."

आजींना हसू आले. "वेलाला दूध? पोरांना पुरत नाही ते!"

"थट्टा नाही, आजी. ब्राझील देशात वॅग्नर बेत्तिओल नावाच्या शास्त्रज्ञानं भोपळ्याच्याच कुळातल्या एका भाजीवर हे करून पाहिलं. १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. एक भाग गाईचं ताजं दूध आणि नऊ भाग पाणी असं आठवड्याला फवारलं. भुरी चांगली आटोक्यात आली. मात्र रोग थोडा असतानाच हे करावं. दूध घरचं असेल तर करावं. लेकराच्या तोंडचं काढून करू नये."

काकींनी एक पेला दूध आणि नऊ पेले पाणी घेतले. सकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारले. दर आठ दिवसांनी तसेच केले.

सूनबाईच्या वेलावर रोग पुढे गेला होता. तिच्यासाठी गंधक ठरले. भुरीवर गंधक हा जुना उपाय आहे. १८४५ साली इंग्लंडात मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलीवर भुरी दिसली. त्याने गंधक आणि चुना पाण्यात कालवून मारून पाहिला आणि गुण आला. पुढे तो रोग फ्रान्समध्ये पसरला. तिथल्या द्राक्षबागांची दैना झाली. १८५४ साली तर उत्पन्न फारच खाली आले. शेवटी गंधकानेच त्या बागा सावरल्या.

दोन मुठी की दहा ग्रॅम?

सूनबाई तालुक्याच्या बाजारात गेली. दुकानातल्या माणसाने पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाचे पाकीट दिले. म्हणाला, "पंपात दोन मुठी टाका. जास्त टाकलं तर लवकर गुण येईल."

वर्षापूर्वी असते तर सूनबाईने दोन मुठी टाकल्या असत्या. पण आता ती वाचू शकत होती. ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि पाकीट हळूहळू वाचू लागली. अक्षरे बारीक होती. तिला वेळ लागला. माणसे पाहत होती. तिने लाज धरली नाही.

पाकिटावर पिकांची नावे होती, पण भोपळ्याचे नाव तिला दिसले नाही. तिने किसान कॉल सेंटरला फोन लावला. ही सोय सरकारने २००४ साली सुरू केली आहे. क्रमांक १८००-१८०-१५५१. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तिने सगळी हकीकत सांगितली. पलीकडून उत्तर आले : "लिटरमागे २ ग्रॅम. त्याहून जास्त नको. उन्हात मारू नका."

सूनबाईने हिशेब केला. पाणी ५ लिटर. लिटरला २ ग्रॅम. पाच दुणे दहा. म्हणजे १० ग्रॅम. दोन मुठी कुठे आणि १० ग्रॅम कुठे! काकींकडे औषध मोजायचा छोटा काटा होता. तो स्वयंपाकघरात कधी नेत नसत. त्यावर तिने गंधक तोलले.

बाईंनी आणखी चार गोष्टी बजावल्या होत्या.

भोपळा, काकडी, खरबूज यांची पाने नाजूक असतात. जास्त गंधकाने ती भाजतात. म्हणून आधी दोनच पानांवर फवारून दोन दिवस पाहावे. पाने चांगली राहिली तर मग सगळ्या वेलावर फवारावे.

उष्णता ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नये. आश्विनातले ऊन कडक असते. म्हणून संध्याकाळी फवारावे. संध्याकाळी भोपळ्याची फुले मिटलेली असतात आणि मधमाश्या घरी गेलेल्या असतात. मधमाशी वाचली तरच मादीफुलाला फळ धरते.

निंबोळी तेल किंवा दुसरे कोणतेही तेल फवारले असेल, तर पुढे दोन आठवडे गंधक मारू नये. दोन्ही मिळून पाने जाळतात.

फवारताना नाकातोंडाला फडके बांधावे. अंगभर कपडे घालावेत. वाऱ्याकडे पाठ करावी. लहान मुलांना दूर ठेवावे. मग साबणाने हातपाय धुवावेत. फवारलेल्या वेलाची पाने-फुले लगेच भाजीला घेऊ नयेत. किती दिवस थांबायचे ते पाकिटावर वाचावे.

पाकिटावरचा रंग

आपल्या देशात कीटकनाशकाच्या पाकिटावर एक चौकोन छापलेला असतो. तो टोकावर उभा असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा. मग निळा. हिरवा त्यांत सर्वांत सौम्य. पण हिरवा म्हणजे निर्धास्त, असे समजू नये. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग वाचता येतो. घरातल्या सर्वांना हा रंग दाखवून ठेवा.

पुढे काय झाले?

सूनबाईने पहिल्या दिवशी दोन पाने फवारली. ती चांगली राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळा वेल फवारला. पानांची खालची बाजूही सोडली नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा फवारले. जुनी पाने वाळली ती वाळलीच. पण शेंड्याकडची पाने हिरवी राहिली.

पाचांपैकी एक भोपळा लहानपणीच गळला. एकाची साल उन्हाने भाजली होती, तो आधी चिरून भाजीला घेतला. तीन भोपळे चांगले भरले. देठ वाळून कडक झाले, सालीत नख रुतेना, तेव्हा सूनबाईने ते देठासकट काढले. दोन बाजारात विकले. एक माळ्यावर ठेवला.

तीन विकायचे होते, दोनच विकले गेले. वह्या आल्या, पण एक कमी आली. ती काकींनी आणून दिली. आजींनी त्यांना घारगे दिले.

वेल संपला तेव्हा सूनबाईने तो उपटून खड्ड्यात पुरला. काठीवरचे मडके तसेच होते. मुलीने विचारले, "आजी, हे काढू का?"

आजी म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या साली वेल त्याच्यावर चढवू. पण दर दोन दिवसांनी पानं उलटून बघायचं काम तुझं. वेलाला कुणाची दृष्ट लागली नव्हती. आपलीच दृष्टी वेलावर नव्हती."

ध्यानात ठेवा

दोन-तीन पाने पांढरी दिसताच उपाय करा. तीस पानांची वाट पाहू नका.

बोट घासून पाहा. भुकटी लागली तरच ती भुरी.

वेल विरळ ठेवा. ऊन-वारा खेळता ठेवा.

औषध मुठीने घालू नका. वाचा, मोजा, मग घाला.

तणनाशकाचा पंप भाजीला वापरू नका.

प्रश्न

१. सूनबाईने पहिल्यांदा पांढरे ठिपके पाहिले तेव्हा काय चुकले?

२. पानाला वेलाची चूल का म्हटले आहे?

३. पंपात ८ लिटर पाणी आहे. लिटरला २ ग्रॅम प्रमाणे गंधक किती लागेल?

४. तुमच्या घरात औषधाचे एखादे पाकीट किंवा बाटली असेल. तिच्यावरचा चौकोन शोधा. रंग कोणता आहे ते घरातल्यांना सांगा.

५. तुमच्या गावात कशाकशाला 'दृष्ट लागली' म्हणतात? त्यामागे दुसरे काय कारण असेल? वर्गात बोला.